जुन्या इमारतीतल्या संडास-ड्रेनेज दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२५. पाहणी

पुण्यातली इमारत, १९८०च्या दशकातली. तळमजला अधिक तीन मजले, १२ फ्लॅट, दोन डक्ट (उभे पाइप नेण्याच्या मोकळ्या जागा). 'अ' डक्टमध्ये मूळच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) उभ्या लाइनी आहेत : संडासाची ४ इंची, नहाणी-मोरीची वेगळी ३ इंची. 'ब' डक्टमध्ये (फ्लॅट ३, ६, ९, १२) मधे कधीतरी दोन्ही लाइनी काढून सगळं एकाच ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपात आणलं आहे. मागच्या बाजूला पाच चेंबर, पाचव्यातून पाणी महापालिकेच्या लाइनीत जातं.

लेखी तक्रारी ११. त्यातल्या सातांमध्ये 'तुंबलंय' एवढाच शब्द. तो लक्षण सांगतो, जागा सांगत नाही. म्हणून फ्लॅटमध्ये शिरण्याआधी पाचही चेंबरची झाकणं उघडली आणि अर्धा तास उघडी ठेवली. चेंबरमध्ये साठलेला वायू विषारीही असतो आणि पेट घेणाराही. तोवर जवळ विडी-काडी नाही, वर वाकून बघायचं नाही.

चेंबर १ आणि २ वाहतं. ३ अर्ध्यापर्यंत भरलेलं, ४ काठोकाठ, ५ जवळजवळ कोरडं. म्हणजे अडथळा ४ आणि ५ च्या मधे. भरलेलं चेंबर आणि त्याच्या पुढचं रिकामं चेंबर यांच्या मधेच दोष असतो, हे एकदा पक्कं झालं की निम्म्या फ्लॅटांत हातोडा लावावा लागत नाही. सगळी चेंबरं रिकामी असूनही घरात पाणी चढत असेल, तर दोष त्या घराच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठवून वास अडवणाऱ्या वळणात) किंवा उभ्या लाइनीला जोडणाऱ्या आडव्या तुकड्यात. आणि एकाच डक्टवरच्या वरखालच्या दोन-तीन घरांत एकदम चढत असेल, तर उभ्या लाइनीत.

५ मार्च. चेंबर ४ ते ५

लाइन ६ इंची स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीच्या पाइपांची), लांबी ९ मीटर. एक-एक मीटरचे, आट्याने जोडायचे रॉड वापरले. काम रिकाम्या बाजूने, म्हणजे चेंबर ५ कडून वर. भरलेल्या बाजूने रॉड घातला तर काळ्या पाण्यात तोंड सापडत नाही, आणि कचरा पुढे ढकलला जाऊन दुसऱ्या सांध्यात अडकतो. रॉड फिरवायचा तो फक्त घड्याळाच्या दिशेने. उलटा फिरवला तर आटा सुटून पुढचा तुकडा पाइपातच राहतो. मग खोदाईशिवाय तो निघत नाही.

साडेपाच मीटरवर रॉड अडला. पाचव्या चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर आधी जाळी लावली होती, त्यामुळे सुटलेलं सगळं वर काढता आलं : उंबराच्या मुळ्यांचा जुडगा, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, भांडी घासायच्या काथ्याचे तुकडे. मुळ्या सिमेंटच्या सांध्यातून शिरतात. सांध्याला केसाएवढी फट आणि आत ओल, एवढं त्यांना पुरतं. मग त्या मुळ्यांवर वाइप्स अडकतात.

पाणी वाहायला लागलं, पण काम संपलं नाही. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही चेंबरच्या तळाची पातळी घेतली : ९ मीटरमध्ये उतार फक्त ६ सेंमी, म्हणजे १:१५०. ठोकताळा असा की ४ इंची लाइनीला १:४०, ६ इंचीला १:६०. इथे १५ सेंमी हवे. मधला एक सांधा खचलेला. नुसते रॉड मारून सोडलं तर सहा महिन्यांत पुन्हा हेच. लाइन बदलायची ठरली.

चेंबरमध्ये कोणीही उतरलं नाही, पुढेही उतरणार नाही. ९० सेंमी खोलीचं काम वरून होतं. माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेविना उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, ठेकेदाराकडून करून घेतलं तरी जबाबदारी सुटत नाही. कमिटीच्या एका सदस्याने 'पाच मिनिटांचं तर काम' म्हटलं म्हणून हे इथे लिहून ठेवलं.

८ मार्च. नवी लाइन

१६० मिमीचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी) पाइप, भारतीय मानक आयएस १३५९२, टाइप बी. टाइप ए हा व्हेंट (हवेची लाइन) आणि पावसाच्या पाण्यासाठी; त्याची भिंत पातळ असते. दुकानात 'तोच आहे, स्वस्त पडेल' म्हणून पुढे केला जातो, तेव्हा पाइपावरचा छापा वाचून घ्यावा.

चरात १० सेंमी वाळू. घालायला सुरुवात खालच्या टोकाकडून, सॉकेट (पाइपाचं रुंद तोंड) चढाच्या बाजूला. दर दीड मीटरला अडीच सेंमी उतार, म्हणजे ९ मीटरला १५. उतार जास्त मिळाला तर बरंच, असं नाही. फार तीव्र उतारात पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो.

सांधे रबर रिंगचे. पाइपाच्या टोकाला कानसीने सुमारे १५ अंशांची धार दिली, साबणाचं पाणी लावलं, पाइप पूर्ण आत ढकलून पेन्सिलची खूण केली आणि १० मिमी मागे ओढला. ही जागा पाइप उन्हाने वाढतो त्यासाठी. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, रबर फुगून खराब होतं.

चेंबर ५ कडचं तोंड बूच मारून बंद केलं, लाइन भरली, चेंबर ४ मधली पातळी अर्धा तास पाहिली. हलली नाही. मगच माती.

चेंबर ४ चा तळ सपाट होता आणि त्यावर मैला साठत होता. अर्धगोल नाली काढून दोन्ही बाजूंना नालीकडे उतरतं बेंचिंग (सिमेंटचा उतार) केलं, वर सिमेंटची घोटाई. बाजूचं कनेक्शन नालीत काटकोनात पडत होतं, ते प्रवाहाच्या दिशेने वळवलं.

११ मार्च. फ्लश टँक, फ्लॅट १, ४, ७, ८, १०

तक्रार सगळ्यांची एक : टँक सतत भरत राहतो. कारणं तीन निघाली. चाचणी सगळीकडे तीच. टँक भरू दिला, अँगल कॉक (टँकला पाणी देणारा नळ) बंद केला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण, अर्धा तास थांबायचं. पातळी उतरली तर गळती खाली, फ्लश व्हॉल्व्हच्या वॉशरमधून. नाही उतरली आणि कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडू लागलं, तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा. टँकमध्ये खाण्याचा रंग टाकूनही कळतं. २० मिनिटांत न फ्लश करता भांड्यात रंग उतरला की वॉशर गेला. पण खुणेने आकडा मिळतो.

फ्लॅट ७ : टँकचं आतलं माप ४० × १५ सेंमी, म्हणजे १ सेंमी पाणी = ०.६ लिटर. अर्ध्या तासात उतार साडेतीन सेंमी. तासाला ४.२ लिटर, दिवसाला सुमारे १०० लिटर. आवाज अजिबात नव्हता; भांड्याच्या मागच्या भिंतीवर नुसती ओली रेघ.

७ आणि १० मध्ये वॉशरवर आणि तो बसतो त्या काठावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. वॉशर उलटा करून बसवणं हा उपाय नव्हे, दोन आठवडे टिकतो. काठ सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने मऊ करून नायलॉनच्या घासणीने साफ केला आणि नवे वॉशर घातले. लोखंडी तारेची घासणी प्लॅस्टिकच्या काठाला ओरखडे पाडते, मग नवा वॉशरही गळतो.

१ आणि ८ मध्ये फ्लोट (टँक भरला की पाणी बंद करणारा तरंगता भाग) वर चढलेला. पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली अडीच सेंमी लावली. ४ मध्ये भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या रबरी पडद्यात वाळूचा कण. वरचं टोपण उघडून, त्यावर एक कप उलटा धरून, कॉक क्षणभर उघडला की कण पाण्याबरोबर निघतो. टाकी धुतल्यानंतर असल्या तक्रारी झुंडीने येतात.

एका टँकमध्ये पाणी वाचवायला वीट ठेवलेली सापडली. विटेचा चुरा वॉशरखाली जातो. काढून टाकली.

१३ मार्च. फ्लॅट ९, कमोडचा फ्लश कमजोर

आधी बादलीची चाचणी : ९ लिटर पाणी एकदम, पसरटपणे भांड्यात ओतलं. एका घोटात खाली गेलं तर भांडं आणि लाइन ठीक, दोष टँकमध्ये किंवा कडेच्या भोकांत. इथे पाणी चढून हळूहळू उतरलं. म्हणजे अडथळा भांड्याच्याच वळणात.

हातपंप (दांड्याला रबरी वाटी असलेला) चालवताना रबराला आतून ओठ असलेला वापरावा, सपाट रबराचा मोरीसाठी असतो. पंपाचं तोंड पूर्ण पाण्याखाली हवं. हवा दाबली जाते, पाणी नाही, आणि काम पाण्याच्या ठोक्याने होतं. बाहेर ओढण्याचा झटका ढकलण्याइतकाच महत्त्वाचा. वीस-पंचवीस ठोके देऊन फरक पडला नाही. मग कमोडची स्प्रिंग घातली (टोकाला रबरी नळी असलेली, नाहीतर भांड्यावर काळे ओरखडे उठतात). कडेला अडकवायच्या सुगंधी वडीची प्लॅस्टिकची जाळी निघाली. अशी वस्तू स्प्रिंगने पुढे ढकलायची नाही, अडकवून मागे ओढायची.

कडेखालची भोकंही आरशात पाहिली, निम्मी क्षाराने बुजलेली. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, त्यात भिजवलेले कागद कडेखाली रात्रभर दाबून ठेवले, सकाळी तारेने भोकं मोकळी केली. उकळतं पाणी भांड्यात ओतलेलं नाही. चिनी मातीला तडा जातो.

घरच्यांनी आदल्या दिवशी आधी ॲसिड आणि मग ब्लीच ओतल्याचं काम अर्धं झाल्यावर सांगितलं. या दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. कॉस्टिकवर ॲसिड पडलं तर पाणी उसळून तोंडावर येतं. यापुढे प्रत्येक फ्लॅटमध्ये पहिला प्रश्न हाच : आत काय ओतलंय, कधी?

१७ ते २२ मार्च. 'ब' डक्ट : गुडगुड आणि वास

या कामातला सगळ्यांत अवघड भाग, आणि इथे काहीच तुंबलेलं नव्हतं.

लक्षण : १२ मध्ये फ्लश केला की ६ च्या नहाणीत गुडगुड, दहा मिनिटांनी वास. तळमजल्यावर ३ मध्ये उलट, नहाणीतून फेसाचे बुडबुडे वर. ६ मध्ये याआधी नहाणीची जाळी दोनदा बदलून झाली होती आणि फिनाइल रोज पडत होतं.

ट्रॅपमध्ये पाणी साठतं ते वायू अडवायला. त्यालाच वॉटर सील म्हणतात, उंची ५० मिमी हवी. लाकडी पट्टी बुडवून मोजलं : फ्लशच्या आधी ५० मिमी, वरून लागोपाठ दोन फ्लश झाल्यावर १५. पाणी खाली पडताना उभ्या पाइपात वर पोकळी तयार होते. ती भरायला हवा गच्चीवरून मिळाली नाही, तर लाइन जवळच्या ट्रॅपमधून ती ओढते, आणि हवेच्या आधी ट्रॅपमधलं पाणी जातं.

जुन्या दोन-पाइपांच्या रचनेत नहाणीचं पाणी वेगळ्या लाइनीने गली ट्रॅपमध्ये (इमारतीबाहेर जमिनीलगतच्या ट्रॅपमध्ये) पडायचं, संडासाच्या फ्लशचा तिच्याशी संबंध नव्हता. एकाच पाइपात दोन्ही आणल्यावर हवेची सोय दुप्पट नेटकी हवी होती. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पाइप वर आलेलाच नाही. वॉटरप्रूफिंगच्या वेळी तो फरशीच्या पातळीला कापून, वर सिमेंटची टोपी करून बुजवला होता.

टोपी फोडली, ११० मिमीचा पाइप वाढवून गच्चीच्या फरशीपासून २ मीटर वर नेला (गच्चीवर लोकांचा वावर आहे), वर जाळीचा काऊल (टोपण). पुन्हा मोजणी : दोन फ्लशनंतर ६ मधलं सील ४६ मिमी. गुडगुड नाही.

३ चे बुडबुडे मात्र तसेच. त्याचं कारण वेगळं. उभी लाइन तळाशी एकाच काटकोनी बेंडने वळत होती. तीन मजल्यांवरून येणारं पाणी तिथे आपटून लाटेसारखं चढतं, त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि सगळ्यांत जवळच्या ट्रॅपमधून बाहेर पडते. बेंड काढून ४५ अंशांचे दोन बसवले, मधे थोडा सरळ तुकडा. शिवाय तळमजल्याचं कनेक्शन उभ्या लाइनीतून तोडून स्वतंत्रपणे चेंबर २ ला नेलं. ते मुळातच तसं असायला हवं होतं. तळाशी आणि दुसऱ्या मजल्यावर डोअर टी (उघडता येणारं झाकण असलेले जोड) टाकले, पुढच्या वेळी पाइप कापावा लागू नये म्हणून.

'अ' डक्टवरच्या ११ मधला वास : फ्लॅट वर्षभर बंद, ट्रॅप कोरडे. प्रत्येक ट्रॅपमध्ये लिटरभर पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल. तेलाच्या तवंगाने पाणी उडायचं मंदावतं. त्या घरापुरतं काम संपलं.

२५ मार्च. मोऱ्या, बेसिन

फ्लॅट १० चं सिंक : खालची कोरुगेटेड (वळ्यावळ्यांची) नळी लांब असल्याने लोंबकळून तिचा दुसरा ट्रॅप झालेला. दोन ट्रॅपच्या मधे हवा कोंडते, पाणी घळघळ न जाता थांबत जातं. नळी कापून सरळ केली. पुढचा ४० मिमीचा आडवा पाइप ३.२ मीटर, उतार जवळपास शून्य. १:४० प्रमाणे ८ सेंमी दिला. पाइपाच्या आतलं छिद्र तुपकटाने बोटाएवढं उरलेलं. कढईतलं तेल गरम पाण्यासोबत गेलं तरी दोन मीटरवर ते थिजतंच. कागदाने पुसून कचऱ्यात टाकणं एवढाच उपाय.

४ आणि ८ ची बेसिनं : बॉटल ट्रॅप हाताने उघडून केस-साबण काढला. खाली बादली, आणि वॉशर परत बसवताना उलटा होत नाही ना ते पाहायचं. स्क्रू हातानेच आवळला, पान्याने प्लॅस्टिकचा आटा चिरतो.

२८ मार्च ते ४ एप्रिल. फ्लॅट २ च्या छताला ओल, वर ५ ची नहाणी

वरचे सगळी फरशी फोडायला तयार, खालचे भांडायला. फोडण्याआधी तीन चाचण्या, प्रत्येकीच्या मधे एक दिवस. पहिल्या चाचणीत ५ च्या नहाणीचा वापर बंद, नळाच्या लाइनी मात्र चालू : ओल वाढली नाही, तेव्हा दाबाची पाइपलाइन संशयातून सुटली. दुसऱ्या चाचणीत नहाणी ट्रॅप बुचाने बंद करून फरशीवर अडीच सेंमी रंगीत पाणी, २४ तास : खाली रंग नाही, तेव्हा फरशीही सुटली. तिसऱ्या चाचणीत फरशी कोरडी ठेवून नळीने थेट ट्रॅपमध्ये रंगीत पाणी : पाऊण तासात खाली रंगाचा थेंब.

म्हणजे ट्रॅपचा सांधा. दोन बाय दोन फूट एवढंच फोडलं. पीव्हीसीचा ट्रॅप बीडाच्या पाइपात सिमेंट भरून बसवलेला. पीव्हीसी आणि बीड उष्णतेने सारखे वाढत नाहीत, मधलं सिमेंट आज ना उद्या सुटणारच. दोन्हींना जुळणारा रबरी कपलर स्टीलच्या पट्ट्यांसह बसवला, नवा ट्रॅप लेव्हलमध्ये. ट्रॅप तिरका बसला तर सील तेवढंच कमी होतं. सांध्यावर पाणी टाकून तासभर पाहिलं, मग भराव.

पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यांत फायबरची जाळी, भिंतीवर १५ सेंमी वर आणि ट्रॅपच्या गळ्याच्या आतपर्यंत वळवून. ४८ तास पाणी बांधून ठेवलं. फरशीला १:८०, म्हणजे १.२ मीटरला दीड सेंमी उतार.

खर्चाचं : सोसायट्यांच्या नमुना उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक ड्रेनेज लाइनीची गळती सोसायटीकडे, घरातल्या संडास-सिंकची सभासदाकडे. चाचणीचा निकाल लेखी दिला आणि भांडण तिथेच मिटलं.

७ एप्रिल. फ्लॅट ८, हलणारा कमोड

बुडाशी सिमेंट भरून बसवलेला; ते तडकलं, भांडं डुगडुगलं, आउटलेटचा सांधा सुटला. भांडं उचलल्यावर आधी भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं : २२५ मिमी. नवं भांडं घेताना हेच माप सांगायचं, ३०० चं आणलं तर बसत नाही. इथे जुनंच ठेवलं. रबरी गॅस्केट, स्टीलचे स्क्रू, वॉशर. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच बाजू करकचून आवळली की चिनी माती तडकते. कडेने सिलिकॉन, मागे ५ सेंमी मोकळं सोडून. पुढे कधी सांधा गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल, फरशीखाली मुरणार नाही.

२७ मे. पहिला मोठा पाऊस

यंदा पाऊस मे महिन्यातच. चेंबर ४ आणि ५ मोकळं. पण चेंबर १ मध्ये पाऊस सुरू होताच पाणी चढलं, थांबताच उतरलं. गच्चीच्या पन्हाळीचा पाइप शोधत गेल्यावर तो 'अ' डक्टच्या गली ट्रॅपमध्ये सोडलेला सापडला. पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत. पाइप तिथून कापून पावसाळी गटाराकडे वळवला, गली ट्रॅपचं उघडं तोंड जाळीने बंद केलं.

शिल्लक : 'अ' डक्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर बीडाच्या ३ इंची लाइनीचा शिसं ओतलेला एक सांधा पाझरतो आहे. परांची पावसात लावायची नाही; ऑक्टोबरात.